‘थांबा’ म्हणायचे पैसे कोण देणार?

मंडळी, या वीकांताला जरा वेगळा विषय. कोड नाही, सिनेमा नाही, राजकारण तर नाहीच. क्रेन!

हसू नका. ज्या काचेच्या इमारतीत बसून आपण भर मे महिन्यात स्वेटर घालतो, तिच्या गच्चीवर गारवा बनवणारी मोठमोठी धुडं असतात. चिलर, कूलिंग टॉवर, पॅकेज युनिटं. ही काही लिफ्टमधून वर जात नाहीत. काही वर्षांनी ती थकतात, बदलावी लागतात आणि मग क्रेन येते. बहुतेक वेळा रविवारी, कारण ऑफिस बंद असतं. सोमवारी आपण येतो तेव्हा सगळं आवरलेलं असतं. आपल्याला नुसतं गार लागतं.

आता मुद्द्यावर येतो. असं काही पडलं की दोन वाक्यं ठरलेली असतात. ‘नशीब, दुसरं काय’ आणि ‘ऑपरेटर अडाणी होता’. मला ही दोन्ही वाक्यं मान्य नाहीत. माझ्या मते खरा घोळ क्रेन यायच्या कितीतरी आधी, एसीच्या थंड खोलीत बसून केलेल्या कॉन्ट्रॅक्टमध्ये झालेला असतो.

आधी जरा गणित. ‘५० टनी क्रेन’ म्हणजे ५० टन कुठेही उचलणारी क्रेन नव्हे. तो आकडा भार क्रेनच्या अगदी जवळ, साधारण तीनेक मीटरवर असतानाचा. बूम लांब करून २५ मीटर पलीकडे न्या, तीच क्रेन जेमतेम काही टनांवर येते. त्यातून हुक, पट्टे, शॅकल यांचं वजन वजा करायचं. शिवाय एसीवाल्यांचा ‘टन’ आणि वजनाचा टन यांचा काही संबंध नाही! एसीचा टन म्हणजे एक टन बर्फ २४ तासांत वितळवायला लागेल तेवढी उष्णता. तेव्हा ‘२०० टनाचा चिलर’ ऐकून वजनाचा अंदाज बांधणाऱ्याला देवच वाचवो. वजन ड्रॉइंगमध्ये बघायचं असतं.

पट्ट्याचंही तसंच. दोन पट्ट्यांत भार लटकवला आणि ते आडव्याशी ६० अंशात असले, तर प्रत्येकावर भाराच्या साधारण ५८ टक्के ताण येतो. पट्टे आखूड पडले म्हणून ३० अंशांवर आणले की प्रत्येकावर थेट १०० टक्के. भार तोच, पट्टा तोच, फक्त कोन बदलला. आता बोला!

आणि जमीन. क्रेनचे चारही जॅक जिथे टेकतात, तिथे प्रचंड दाब येतो. आपल्या आयटी पार्कांत बऱ्याचदा रस्त्याखाली दोन मजली पार्किंग असतं. वरून पेव्हर ब्लॉक छान दिसतात, पण खालचा स्लॅब किती पेलतो हे आधी कोणी विचारलेलं असतं का?

हे फक्त आपल्याकडेच होतं असं समजू नका. न्यूयॉर्कमध्ये ३१ मे २०१५ ला मॅडिसन अव्हेन्यूवर क्रेनने वर चढवलं जाणारं एसीचं युनिट सुटून सुमारे २८ मजले खाली आलं. दहा जण जखमी झाले. वार कोणता? रविवार! ५ फेब्रुवारी २०१६ ला त्याच शहरात वर्थ स्ट्रीटवर ५६५ फूट बूमची क्रॉलर क्रेन आडवी झाली. शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर जनरेटर आणि एसीची युनिटं चढवायला ती आणली होती. त्या सकाळी वारा वाढला म्हणून बूम खाली घेताना ती कोसळली आणि एक माणूस गेला. त्यानंतर शहराने लगेच आदेश काढला, की वारा ताशी २० मैलांच्या, म्हणजे सुमारे ३२ किलोमीटरच्या वर जाणार असेल, तर अशा क्रेन सुरक्षित करून ठेवायच्या.

म्हणजे वारा हा सबब सांगायचा विषय नाही, मोजायचा विषय आहे. एसीचं युनिट म्हणजे पत्र्याचा मोठा खोका. हवेत लटकला की त्याचं शीड होतं.

मग थांबत का नाहीत? इथेच खरी मेख आहे. क्रेनचं भाडं शिफ्टवर असतं. क्रेन आली की मीटर सुरू. वारा सुटला म्हणून काम थांबवलं तरी भाडं द्यावंच लागतं. ते कोणी द्यायचं? कंपनी म्हणते एसी कॉन्ट्रॅक्टरने. तो सगळ्यात कमी बोली लावून काम घेतलेला, त्याच्या मार्जिनमध्ये ते बसत नाही. तो ढकलतो क्रेनवाल्यावर. क्रेनवाला ऑपरेटरकडे बघतो. आणि खाली दोरी धरून उभा असलेला रोजंदारीवरचा खलाशी? त्याला दिसत असतं की भार हेलकावतोय. पण तो ‘थांबा’ म्हणाला तर उद्या त्याला बोलावणार कोण?

ज्याला धोका सगळ्यात आधी दिसतो, त्याच्याच खिशातून थांबण्याचे पैसे जातात. ही व्यवस्था आपण बनवली आहे. असल्या व्यवस्थेत ‘सेफ्टी फर्स्ट’चा फलक लावणं म्हणजे शुद्ध ढोंग आहे.

‘वीस वर्षं असंच करतोय, काही झालं नाही’ हे आवडतं उत्तर. अहो, टेस्ट न करता प्रॉडक्शनला कोड टाकणाराही हेच म्हणतो! फरक एवढाच की आपल्याकडे रोलबॅक असतो. हवेत लटकलेल्या चिलरला अनडू नसतं.

‘पण कायदा आहे ना?’ आहे की. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या २९ व्या कलमातच होतं, की यंत्रावर सुरक्षित भार स्पष्ट लिहा, त्याहून जास्त उचलू नका, वर्षातून एकदा तरी जाणकाराकडून तपासून घ्या. नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा नव्या संहितेने घेतली. पण कुठलाही कायदा रविवारी सकाळी गच्चीवर येऊन उभा राहत नाही.

आणि हे फक्त मोठ्या कंपन्यांचं दुखणं नाही बरं का. आपल्या फ्लॅटचा मेकॅनिक एक पाय बाहेरच्या ब्रॅकेटवर आणि एक हात खिडकीच्या गजाला, असा लटकून सर्व्हिस करतो. आपण आत चहा पीत ‘सांभाळून हं’ म्हणतो. ऑगस्ट २०२४ मध्ये दिल्लीच्या करोल बागेत वरून आउटडोअर युनिट पडलं आणि खाली मित्राशी गप्पा मारणारा १८ वर्षांचा मुलगा गेला. त्याचा काय दोष होता?

तेव्हा माझी मागणी अगदी साधी आहे. कॉन्ट्रॅक्टमध्ये एक ओळ घाला: वारा, पाऊस किंवा कोणाच्याही शंकेमुळे काम थांबलं, तर त्या दिवसाचं क्रेनभाडं मालक देईल. ‘कोणाच्याही’ म्हणजे खलाशाच्यासुद्धा. त्यासोबत वजन, अंतर आणि जमिनीची ताकद लिहिलेला एक कागद, आणि भाराखालचा सगळा रस्ता बंद. रखवालदारासाठीही बंद. सोसायटीत असाल तर ठराव मांडा: बेल्ट आणि तो अडकवायला पक्का हुक असल्याशिवाय बाहेर कोणी उतरणार नाही.

खर्च वाढेल? वाढेल ना. आपल्या एका टीम डिनरइतका की दोन, ते तुम्हीच ठरवा.

आणि हो, तुमच्या अ‍ॅडमिनवाल्याला सोमवारी एक मेल टाका. एकच प्रश्न विचारा: आपल्या गच्चीवर ‘थांबा’ म्हणायचे पैसे कोण देतं? उत्तर आलं तर मलाही कळवा.