मेलेलं केलडं आणि पासापुरता पेपर

काजूच्या हंगामात घरी फोन केला की आजी आधी जेवणाची चौकशी करते, मग रानातली बातमी सांगते. परवा म्हणाली, ‘वयल्या बागेत केलडो मरान पडलो हा.’ केलडो म्हणजे माकड. गोव्यातल्या सत्तरीत २०१५ला आणि आमच्या दोडामार्गात २०१६ला माकडताप आला, तेव्हापासून हे वाक्य ऐकलं की पोटात गोळा येतो.

मी पुण्यात सूक्ष्मजीवशास्त्र शिकतो. १९५७ साली शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात माकडं आणि माणसं आजारी पडू लागली, तेव्हा या तापाचा विषाणू शोधला तो पुण्याच्याच विषाणू संशोधन केंद्राने. सुरुवातीला शंका होती पीतज्वराची. नंतर रशियातल्या गोचीडजन्य तापाशी नातं दिसलं आणि संशय तिकडून येणाऱ्या पक्ष्यांवर गेला. पक्षितज्ज्ञ सालिम अलींच्या पक्ष्यांना कडी घालण्याच्या मोहिमेला जागतिक आरोग्य संघटनेचा पैसा मिळाला तो त्यामुळे. बिचारे पक्षी! विषाणू इथलाच होता, गोचिडांत आणि रानउंदरांत मुरलेला.

मग त्याने तेव्हाच डोकं का वर काढलं? बोशेल या शास्त्रज्ञाने १९६९मध्ये बोट ठेवलं ते जंगलतोडीवर आणि रानात चरणाऱ्या गुरांवर. मोठी गोचीड गुरांच्या रक्तावर पोसते नि भरपूर अंडी घालते. तिची पिल्लं उंदीर, पक्षी, माकडं, जे मिळेल त्याला चिकटतात. पिल्लांचा भर कोरड्या दिवसांत, म्हणजे नेमका आमच्या काजू वेचण्याच्या दिवसांत.

गावात काहीजण म्हणतात, माकडंच संपवा. बागायतीची नासधूस पाहिली की मलाही तसं वाटतं, खोटं कशाला बोलू? पण या तापाने माकड स्वतःच मरतं आणि त्याच्या अंगावरच्या गोचिडी तिथेच पसरतात. माकड मेलं तर वनखातं, गुरांच्या गोचिडी पशुसंवर्धनाकडे आणि माणूस तापला तर आरोग्य केंद्र. साखळी एकच, फायली तीन. आमच्या कॉलेजातही तेच: विषाणूंचा पेपर गंभीर, पर्यावरणाचा पासापुरता. आदल्या रात्री गाईड चाळायचं. मीही तेच केलं.

वन, पशुसंवर्धन आणि आरोग्य या तिन्ही खात्यांनी डिसेंबरात, पहिला रुग्ण सापडण्याआधी, एका टेबलाशी बसावं एवढीच माझी मागणी आहे.

आजीला विचारलं, आरोग्य केंद्रात कळवलंस का? कळवलं होतं. तिथून मिळालेलं गोचीड न चिकटण्याचं तेल अंगाला लावतेस का?

‘वास येता त्येका.’

मग निदान दोन दिवस बागेत जाऊ नकोस.

‘काजी थांबतत काय?’

– रानवाटेवरचा विद्यार्थी