झोपेतला श्वास : ना हसण्याचा, ना भिण्याचा विषय

कुंभकर्णाची गोष्ट सांगताना आजीने त्याच्या घोरण्याची नक्कल केली नाही, असे घर क्वचितच सापडेल. लग्नघरी रात्री सगळे पाहुणे एकाच खोलीत आडवे झाले की कोणाचे तरी काका घोरू लागतात आणि मुले पांघरुणात तोंड खुपसून हसतात. सकाळी चहाच्या वेळी काकांची थट्टा होते. काकाही हसत हसत सांगतात, "मला बुवा पडल्या पडल्या गाढ झोप लागते!"

आता दुसरे चित्र पाहा. याच काकांना पुढे कधीतरी रुग्णालयात न्यावे लागते. तपासणी करून डॉक्टर म्हणतात, "यांना रोज रात्री नाकावर मास्क लावून यंत्राने हवा द्यावी लागेल." ते ऐकताच घरच्यांचे चेहरे उतरतात. "म्हणजे आता मशीनवर ठेवणार का?" असे काकू दबक्या आवाजात विचारतात. मशीनवर ठेवले म्हणजे शेवट जवळ आला, अशीच आपल्याकडची समजूत आहे.

आधी हसणे आणि मग घाबरणे, या दोहोंचे मूळ एकच आहे. झोपेत आपला श्वास कसा चालतो हे आपल्याला कोणी शिकवलेले नसते. शाळेत श्वसनाचा पाठ असतो. काचेच्या हंडीत दोन फुगे बांधून फुप्फुसांची प्रतिकृतीही आपण करतो. पण तो सारा जागेपणीचा श्वास झाला. आयुष्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा आपण झोपेत घालवतो, त्या वेळच्या श्वासाचे काय? माझे स्पष्ट मत असे आहे की, हा विषय शाळेतच शिकवला गेला पाहिजे. त्यावाचून लोक रुग्णालयात उशिरा येतात आणि आल्यावरही योग्य उपचाराला नाही म्हणतात.

विद्यार्थी मित्रांनो, प्रथम घोरण्याचे कारण पाहू. नाकातून आत गेलेली हवा घशातून श्वासनलिकेत जाते. श्वासनलिकेला कूर्चेची कडी असतात, त्यामुळे ती सहसा मिटत नाही. घशाच्या वरच्या भागाला मात्र असा आधार नाही. तो मऊ स्नायूंचा बनलेला आहे. जागेपणी हे स्नायू ताणलेले असतात आणि वाट उघडी राहते. झोप लागली की ते सैल पडतात. स्वप्ने पडतात त्या झोपेत तर शरीराचे बहुतेक स्नायू लुळे होतात. श्वासपटल आणि डोळे हलविणारे स्नायू तेवढे काम करीत राहतात. मान जाड असेल, वजन जास्त असेल, जबडा लहान असेल किंवा टॉन्सिल वाढलेले असतील, तर आधीच अरुंद असलेली वाट आणखी अरुंद होते. त्या फटीतून हवा जाताना टाळूचा मऊ भाग आणि पडजीभ थरथरतात. हाच तो घोरण्याचा आवाज.

प्रत्येक घोरणारा माणूस रोगी असतो असे मात्र समजू नका. लक्ष द्यायचे ते आवाज मध्येच थांबतो तेव्हा. छाती-पोट हलत असते, पण वाट पूर्ण मिटल्यामुळे हवा आत जात नाही. रक्तातील प्राणवायू कमी होऊ लागतो. मेंदू धोका ओळखून माणसाला क्षणभर जागे करतो, स्नायू ताणले जातात आणि मोठा घुसमटल्यासारखा आवाज होऊन श्वास पुन्हा सुरू होतो. त्या माणसाला याचा पत्ताही नसतो. श्वास किमान दहा सेकंद थांबला तर डॉक्टर त्याची नोंद करतात. श्वास थांबण्याचे किंवा फार उथळ होण्याचे प्रसंग तासाला तीसहून अधिक झाले तर रोग तीव्र समजतात. जरा हिशेब करा : तासाला तीस, तर सात तासांच्या झोपेत २१० वेळा! या विकाराला स्लीप ॲप्निया म्हणतात. काकांना "गाढ झोप" लागत होती ती ही.

अशा माणसाला दिवसा पेंग येते. तो कचेरीत पेंगला तर लोक आळशी म्हणतील. पण मालमोटार चालविताना पेंगला तर त्याचा आणि समोरून येणाऱ्यांचाही जीव जाऊ शकतो. या विकारात रक्तदाबही वाढतो. मुलांमध्येही हा विकार असतो. तेथे बहुधा वाढलेले टॉन्सिल आणि नाकामागच्या ॲडेनॉइड ग्रंथी वाट अडवितात. गंमत अशी की, झोपमोड झालेले मूल नेहमी पेंगतेच असे नाही. कित्येकदा ते चुळबुळ करते, चिडते, त्याचे लक्ष लागत नाही. म्हणून शिक्षकांना एक विनंती आहे. अशा मुलाला बाकावर उभे करण्यापूर्वी त्याच्या पालकांना एक प्रश्न विचारा, "हा रात्री घोरतो का? तोंड उघडे टाकून झोपतो का?" पुष्कळ मुलांना टॉन्सिल व ॲडेनॉइडच्या शस्त्रक्रियेने चांगला गुण येतो. आळशी, उनाड हे शिक्के मात्र शस्त्रक्रियेने पुसता येत नाहीत.

या विकाराचा तपास करणाऱ्या डॉक्टरचे काम काहीसे जगावेगळे आहे. त्याचा रोग रोगी झोपल्यावरच दिसतो. संध्याकाळी रोग्याला निद्रा-प्रयोगशाळेत बोलावतात. डोक्यावर, डोळ्यांच्या कडेला आणि हनुवटीवर तारा चिकटवितात. नाकाशी हवेचा प्रवाह मोजणारी नळी, छाती आणि पोटाभोवती पट्टे आणि बोटाला चिमटा लावतात. तो चिमटा म्हणजे २०२० नंतर करोनाच्या साथीत घरोघरी ठाऊक झालेला ऑक्सिमीटर. रक्त न काढता, प्रकाशाच्या साहाय्याने त्यातील प्राणवायू नाडीच्या ठोक्यागणिक अजमावण्याची ही युक्ती जपानचे अभियंते ताकुओ आओयागी यांनी १९७४ साली मांडली. रोगी झोपतो, तंत्रज्ञ रात्रभर पडद्यावर पहारा देतो. दुसऱ्या दिवशी तीस-तीस सेकंदांचे तुकडे पाडून सगळी रात्र वाचली जाते. आठ तासांचे असे ९६० तुकडे होतात! अशा प्रयोगशाळा आता मुंबई-पुण्याच्या मोठ्या रुग्णालयांतूनही आहेत.

यावर उपाय काय? पूर्वी तीव्र विकारावर खात्रीचा उपाय एकच होता : गळ्याला छिद्र पाडून श्वासनलिकेत नळी बसविणे. १९८१ साली ऑस्ट्रेलियातील सिडनीचे डॉक्टर कॉलिन सलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात पाच रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांनी छिद्र पाडले नाही की औषध दिले नाही. नाकावाटे थोड्या दाबाने हवा सोडत ठेवली, एवढेच. सायकलची रिकामी ट्यूब चपटी पडते आणि थोडी हवा भरली की गोल उघडते, तसा घसा आतून उघडा राहिला व रोगी शांत झोपले.

हा दाब किती असतो, हे तुम्हाला घरी पाहता येईल. उंच भांड्यात पाणी भरा, स्वच्छ नळीचे टोक दहा सेंटीमीटर बुडवा आणि बुडबुडे येईपर्यंत हळूहळू फुंका. जेवढा जोर लागला, तेवढ्याच दाबाच्या आसपास हे यंत्र काम करते. इतक्या साध्या गोष्टीला भ्यायचे कशाला?

येथवर वाट बंद पडण्याची गोष्ट झाली. पण वाट मोकळी असून भाताच हलेनासा झाला तर? छातीचे स्नायू आणि श्वासपटल हा आपला भाता. तो दुबळा झाला की दाबाची हवा नुसती सोडून भागत नाही, प्रत्येक श्वास यंत्राने भरून द्यावा लागतो. या विद्येचा पाया ज्या साथीत घातला गेला, तिची हकीकत प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावी अशी आहे.

१९५२ सालच्या उन्हाळ्यात डेन्मार्कच्या राजधानीत, कोपनहेगनमध्ये, पोलिओची भयंकर साथ आली. ब्लेगडॅम रुग्णालयात श्वासाचे स्नायू लुळे पडलेली मुले येऊ लागली. रोग्याला गळ्यापर्यंत पेटीत ठेवून श्वास देणारे लोखंडी फुप्फुस तेथे एकच होते आणि छातीवर बसविण्याची लहान यंत्रे सहा. अशा पहिल्या ३१ रोग्यांपैकी २७ जण तीन दिवसांच्या आत दगावले. तेव्हा ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञ डॉक्टरांना सल्ल्यासाठी बोलावण्यात आले. रोगी नुसत्या प्राणवायूच्या अभावाने मरत नाहीत, श्वास अपुरा पडल्याने रक्तात साठलेला कार्बन डाय-ऑक्साइड त्यांना मारतो आहे, हे त्यांनी ओळखले. २७ ऑगस्ट रोजी त्यांनी बारा वर्षांच्या एका अत्यवस्थ मुलीच्या गळ्यातील नळीला रबरी पिशवी जोडली आणि ती हाताने दाबून श्वास दिला. मुलगी वाचली.

पण बाकीच्यांसाठी पिशव्या दाबणार कोण? यंत्रे तर नव्हती. तेव्हा वैद्यकाचे विद्यार्थी पुढे आले. सुमारे १५०० विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, रात्रंदिवस, काही महिने हाताने श्वास पुरविला. एका वेळी सत्तरपर्यंत रोगी त्यांच्या हातांवर जगत होते. आधी शंभरांत सुमारे ८७ रोगी दगावत. ते प्रमाण पुढे पंचवीसच्या आसपास आले. १९५३ साली इब्सेन यांनी कोपनहेगनमध्येच अतिदक्षता विभाग उभा केला.

या हकिकतीतून दोन धडे घ्यावेत. पहिला विज्ञानाचा : श्वास म्हणजे नुसते प्राणवायू आत घेणे नव्हे, कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर टाकणेही तितकेच महत्त्वाचे. भाता दुबळा असलेल्या रोग्याला नुसता प्राणवायू दिला, तर बोटावरचा आकडा चांगला दिसतो आणि आत विषार साठत राहतो. दुसरा धडा माणुसकीचा : यंत्र नसतानाही आधार देता येतो, आणि यंत्र आले तरी शेजारी जागणारे माणूस लागतेच.

भात्याच्या या दुबळेपणाची चाहूलही पुष्कळदा प्रथम झोपेतच लागते, कारण झोपेत श्वास मुळातच उथळ होतो. ड्यूशेन नावाच्या आनुवंशिक आजारात मुलग्यांचे स्नायू हळूहळू क्षीण होत जातात. सकाळी उठल्यावर डोके दुखणे, दिवसा झोप येणे या खुणा रात्री कार्बन डाय-ऑक्साइड साठत असल्याच्या असू शकतात. इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे अशा रोग्यांचा आढावा घेण्यात आला. तो २००२ साली प्रसिद्ध झाला. १९६० च्या दशकात त्यांचे मृत्यूसमयीचे सरासरी वय १४.४ वर्षे होते. १९९० नंतर रात्री श्वसनयंत्राचा आधार मिळालेल्यांत ते २५.३ वर्षे झाले. आजार बरा झाला नाही. पण शाळा पुरी करण्याएवढी, मित्र जोडण्याएवढी, तरुण होण्याएवढी वर्षे मिळाली. हे यंत्र शेवट जवळ आल्याची खूण आहे असे आता कोण म्हणेल?

कोणी म्हणेल, "यंत्राची सवय लागली तर?" चष्म्याची लागते तशीच! चष्मा डोळा बरा करीत नाही, पण म्हणून आपण अक्षरे चाचपडत बसत नाही. मास्क नाकाला टोचतो, घसा कोरडा पडतो, यंत्राला पैसे पडतात, या तक्रारी खऱ्या आहेत. कंटाळून मास्क कपाटात ठेवणारे लोकही पुष्कळ असतात. म्हणूनच या शाखेच्या डॉक्टरचे अर्धे कौशल्य दाब ठरविण्यात असेल, तर अर्धे रोग्याशी बोलण्यात आहे. मास्क कोठे दाबतो हे विचारावे लागते, वजन उतरविण्याची चिकाटी शिकवावी लागते. आणि यंत्राने काही साधणार नाही अशी वेळ आली, तर तेही रोग्याला व घरच्यांना शांतपणे सांगावे लागते. नाटकासिनेमात अशा डॉक्टरला टाळ्या मिळत नाहीत. पण तुमच्यापैकी जे पुढे वैद्यकाकडे वळतील, त्यांनी या शाखेचा जरूर विचार करावा. भौतिकशास्त्रातला दाब, रसायनशास्त्रातले वायू आणि जीवशास्त्रातली झोप एकाच खाटेपाशी भेटतात, अशा जागा थोड्याच.

डॉक्टर व्हाल तेव्हा व्हाल. एक काम मात्र आजच करता येईल. घरात कोणी मोठ्याने घोरत असेल तर हसू आवरा आणि घड्याळ घेऊन पाच मिनिटे ऐका. आवाज मध्येच थांबतो का? किती सेकंद थांबतो? घुसमटल्यासारखा पुन्हा सुरू होतो का? ते वहीत टिपून मोठ्या माणसांना दाखवा आणि डॉक्टरकडे जाताना वही बरोबर न्यायला सांगा. झोपलेल्या माणसाला स्वतःचा श्वास ऐकू येत नाही. तो शेजारी जाग्या असलेल्यानेच ऐकायचा असतो.