कात्रपमधले चालते कॉम्प्युटर भंगारात का जातायत?

मंडळी, पोस्ट लांब आहे. बदलापूर लोकलमध्ये बसायला जागा मिळाली असेल तर आत्ता वाचा, नाहीतर सेव्ह करून ठेवा.

आमच्या कात्रपमधल्या सोसायटीच्या ऑफिसात एक डेस्कटॉप आहे. २०१७ चा. इंटेल आय-फाइव्ह, सातव्या पिढीचा, आठ जीबी रॅम. त्यावर चालतं काय, तर मेंटेनन्सची बिलं, टॅली, सभेच्या नोटिसा आणि सेक्रेटरी काकांची दुपारची नाट्यगीतं. मध्यंतरी काकांनी जिन्यातच गाठलं. "अरे, दुकानवाला म्हणतो याचा सपोर्ट संपला. आता हे वापरलं तर खात्यातले पैसे जातील. नवीन घ्या म्हणतो, बेचाळीस हजार. जुन्याचे पंधराशे देतो."

मी म्हटलं, काका, मग पंधराशेला मीच घेतो की!

काका हसले, पण विषय कमिटीच्या सभेत मांडून झाला होता. मंजूरही होणार होता, कारण "सपोर्ट संपला" हे शब्द ऐकले की आपण डॉक्टरने मान हलवल्यासारखे गप्प बसतो. म्हणून ही पोस्ट.

आधी खरं काय ते. विंडोज १० जुलै २०१५ मध्ये आलं आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा सर्वसाधारण सपोर्ट बंद झाला. म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्या येणं बंद. मशीन बंद पडत नाही, पण नव्याने सापडलेली भोकं बुजवली जात नाहीत. हा धोका खोटा नाही, दुकानवाला इथपर्यंत बरोबर आहे. घरगुती वापराला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत एक वर्षाची मुदतवाढ मिळते, ती एकतर ३० डॉलरच्या आसपास पैसे भरून, नाहीतर तुमच्या सेटिंग्ज मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जमा करून. हे दुकानात कोणी सांगितलं का? काकांना तरी नाही.

आता विंडोज ११ का चढत नाही, ते बघा. त्याला टीपीएम २.० हवं आणि इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीपासून पुढचा हवा. टीपीएम म्हणजे किल्ल्या जपून ठेवणारी सोय. ती सहाव्या-सातव्या पिढीच्या अनेक मशीनमध्ये आहेच, बायोसमध्ये पीटीटी नावाने बंद पडून असते. आमच्या मशीनमध्येही होती, मी चालू केली. तरी उत्तर नाही, कारण प्रोसेसर यादीत नाही. गंमत म्हणजे सातव्या पिढीचाच आय-सेव्हन ७८२० एचक्यू यादीत आहे. हा प्रोसेसर कुठे बसतो? मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या सरफेस स्टुडिओ २ मध्ये. घरच्या पोराला ग्रेस मार्क आणि बाकीचा वर्ग नापास.

याहून पुढचं ऐका. विंडोज १० ची एक 'आयओटी एंटरप्राइज एलटीएससी २०२१' नावाची आवृत्ती आहे, कारखान्यातली यंत्रं, एटीएम, बिलिंग मशीन असल्या कामांसाठी. तिला सुरक्षेचे अपडेट जानेवारी २०३२ पर्यंत मिळणार आहेत. सुट्या ग्राहकाला ती सरळ दुकानात विकत मिळत नाही, मशीन बनवणाऱ्यांमार्फत मिळते. म्हणजे दुरुस्त्या लिहिण्याचं काम थांबलेलंच नाही. ते चालू आहे, फक्त तुमच्या दारात येणार नाही. म्हणून मी म्हणतो की आपलं मशीन जुनं झालेलं नाही, ते जुनं ठरवलं गेलंय.

पण सगळं बिल अमेरिकेच्या नावाने फाडून मी मोकळा होणार नाही. आपल्याकडे काय चालतं ते सगळ्यांना माहीत आहे. मशीन असेंबल करून घेताना "विंडोज टाकून द्या" म्हणायचं, तीनशे-चारशे रुपये द्यायचे आणि पेनड्राइव्हमधून ते येतं. कुणी म्हणेल आम्ही 'यूएसए'च्या शेजारचे, उल्हासनगरच्या मालाची सवय आहे. पण घड्याळ नकली निघालं तर वेळ चुकते, इथे दाराची चावीच परक्याच्या हातात जाते. क्रॅक चालावा म्हणून डिफेंडर बंद केलेला असतो. अपडेट आला तर क्रॅक उडेल म्हणून अपडेटची सर्व्हिसही बंद. खातं एकच, तेही अॅडमिनिस्ट्रेटर, पासवर्ड नाही. अशा मशीनचा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ ला संपला नाही. ज्या दिवशी दुकानातून घरी आलं त्याच दिवशी संपला होता. सोसायटीच्या मशीनवर मला अगदी हेच सापडलं. सात-आठ वर्षं एकही अपडेट नाही, आणि त्यावर सगळ्या सभासदांचे फोन नंबर आणि पॅन कार्डांचे स्कॅन.

"आपल्याकडे कोण येतंय हॅक करायला" असं म्हणणाऱ्यांसाठी. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय जगभर पसरला. ज्या भोकातून तो शिरला त्याची दुरुस्ती मार्चमध्येच आली होती, ज्यांनी घेतली नाही ते सापडले. पुढच्याच महिन्यात नॉटपेट्याने आपल्या न्हावाशेव्याला जेएनपीटीतल्या एका टर्मिनलचं काम ठप्प केलं. मार्च २०२१ मध्ये एमआयडीसीच्या सर्व्हरवर रॅन्समवेअर आलं. यातले बरेच हल्ले नाव-गाव बघून येत नाहीत, उघडं दार बघून येतात.

मग मी काय केलं? दोन हजारांच्या आतली एक एसएसडी घातली आणि लिनक्स मिंट टाकलं, हलकं एक्सएफसीई वालं. २२ मालिकेतलं, त्याला २०२९ पर्यंत अपडेट आहेत, फुकट आणि रीतसर. दोन खाती केली. रोजच्या कामाचं साधं, त्यातून सिस्टीमला हात लागत नाही, आणि देखभालीचं वेगळं, त्याचा पासवर्ड बंद पाकिटात अध्यक्षांकडे. होमचं पार्टिशन वेगळं ठेवलं, म्हणजे उद्या सिस्टीम नव्याने टाकली तरी फायली जागेवर. अपडेटच्या आधी टाइमशिफ्ट स्नॅपशॉट घेतं, काही बिघडलं तर मागे जाता येतं. रोज रात्री आठला आरसिंकने फायलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर जाते आणि महिन्यातून एकदा एक डिस्क वरच्या मजल्यावर खजिनदारांच्या कपाटात. हे शेवटचं अतिरेकी वाटत असेल तर पश्चिमेला नदीकाठी राहणाऱ्यांना विचारा. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्सप्रेस वांगणीजवळ अडकली ते सगळ्या देशाने पाहिलं, पण त्या पाण्यात तळमजल्यावरच्या किती जणांची हिशेबाची दप्तरं भिजली ते टीव्हीवर दिसलं नाही.

अडचणी आल्याच नाहीत असं सांगणारा माणूस खोटं बोलतो. मला आल्या. टॅली थेट चालत नाही. व्हर्च्युअल मशीनमध्ये विंडोज ठेवून (लायसन्स विकत घेऊन, हो) त्यात टॅली चालवतोय, त्या विंडोजला इंटरनेट दिलेलंच नाही. प्रिंटरने एक अख्खी संध्याकाळ खाल्ली. आणि सगळ्यात जास्त त्रास झाला तो आपल्या मराठीचा. जुन्या नोटिसा, इतिवृत्तं सगळी युनिकोडच्या आधीच्या पद्धतीच्या फॉन्टात टाइप केलेली. फॉन्ट नसेल तर उघडल्यावर नुसता इंग्रजी अक्षरांचा कचरा. तीन संध्याकाळी बसून युनिकोडमध्ये बदलली, जोडाक्षरं हाताने तपासली. हा दोष लिनक्सचा नाही. विंडोजवरही दुसऱ्या मशीनवर नेलं की हेच व्हायचं, आपण फक्त त्याच मशीनला चिकटून बसलो होतो. आता इन्स्क्रिप्टने टाइप होतं. काका रेमिंग्टनवाले, त्यामुळे दोन आठवडे माझ्या नावाने बोटं मोडत होते. आता मोडत नाहीत. नाट्यगीतं पूर्वीसारखीच लागतात.

जिथे हे जमणार नाही तेही सांगतो. आधारचं बोटाच्या ठशांचं मशीन लावणारी केंद्रं, ऑटोकॅडवाले, काही खास ड्रायव्हर लागणारे व्यवसाय. त्यांनी उगाच माझं ऐकून धंदा बंद पाडू नये. मुदतवाढ घ्या, नाहीतर खरंच नवीन मशीन घ्या.

पण शाळांना ही सबब नाही. आपल्या भागातल्या शाळांच्या लॅबमध्ये मुलं करतात काय? टायपिंग, चित्र काढणं, प्रेझेंटेशन, थोडं प्रोग्रामिंग. यातल्या कशाला नवीन विंडोज लागतं? केरळच्या सरकारी शाळा वर्षानुवर्षं लिनक्सवर शिकवतायत, काइट नावाची तिथली सरकारी कंपनी शाळांसाठी स्वतःची आवृत्ती काढते आणि शिक्षकांना प्रशिक्षण देते. आपल्या पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने २००७ मध्ये बॉस लिनक्स काढलं. ते सरकारी पैशातून, भारतीय भाषांसाठी. तुमच्या मुलाच्या शाळेत ते पाहिलंय? आपल्याकडे कॉम्प्युटर शिकणं म्हणजे एमएस-सीआयटीचं सर्टिफिकेट, आणि त्यातला कॉम्प्युटर म्हणजे बहुतेकांच्या डोक्यात विंडोज आणि ऑफिस. गाडी शिकायला गेलो आणि एकाच कंपनीचा डॅशबोर्ड पाठ करून आलो, असं झालंय ते. म्हणून मग दुकानवाला "सपोर्ट संपला" म्हणाला की उलट प्रश्न विचारायला शब्दच नसतात आपल्याकडे.

म्युनिकने लिनक्स आणलं आणि २०१७ मध्ये परत विंडोजकडे वळायचं ठरवलं, हे मला कमेंटमध्ये सांगायला येणारे आहेतच. खरं आहे. पण एक युरोपियन महानगर चालवणं आणि पंचवीस मशीनची शाळेची लॅब चालवणं यात फरक आहे.

आता मागणी. कुळगाव-बदलापूर नगरपरिषद असो, शाळांच्या संस्था असोत की आपल्या सोसायट्या, "विंडोज ११ चालत नाही" एवढ्या कारणावर एकही मशीन निर्लेखित करू नका. आधी यादी करा: प्रोसेसर, रॅम, डिस्क आणि त्यावर नेमकं काय काम चालतं. मग ठरवा. पालिकेची खरेदी असेल तर ही यादी लोकांसमोर ठेवा, पैसे घरपट्टीतून जातात. आणि टाकायचंच असेल तर डिस्क पुसल्याशिवाय देऊ नका. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम कागदावर आहेत, पण प्रत्यक्षात तुमचा सीपीयू हातगाडीवरच चढतो, त्या पॅन कार्डांसकट.

काकांनी बेचाळीस हजारांचा विषय सभेतून मागे घेतला. त्या पैशात आता गच्चीचं वॉटरप्रूफिंग सुरू करायचं चाललंय.

येत्या रविवारी सकाळी दहाला मी आमच्या सोसायटीच्या ऑफिसातच बसणार आहे. ज्यांना ठरवायचंय त्यांनी यावं. येताना आठ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह आणा, फायलींची एक प्रत आधीच दुसरीकडे काढून ठेवा, आणि घरी प्रिंटर कुठला आहे त्याचा मॉडेल नंबर लिहून आणा. आधी पेनड्राइव्हवरूनच चालवून बघू, हार्ड डिस्कला हात न लावता. आवडलं नाही तर मशीन रीस्टार्ट करा, तुमचं जुनं विंडोज जागेवर असेल.