किल्ली घासून जीव वाचत नाही

मंडळी, आपल्याकडे कुणाला माशी चावली की आसपासचे सगळे वैद्य एकदम जागे होतात. एक जण खिशातून किल्ली काढतो, दुसरा तंबाखूचा चुना, तिसरा कांदा शोधायला पळतो. खेड्यापाड्यांतल्या शाळांत आयुष्य घालवलेल्या मला गावच्या शहाणपणाबद्दल आदरच आहे. पण या एका बाबतीत ते कुचकामाचं आहे, आणि वेळप्रसंगी जीवघेणंही.

हा विषय आजच का? तर हल्ली आमच्या कोल्हापुरात जाड टायरच्या सायकलींची हौस वाढली आहे. रविवारी पहाटे पन्हाळ्याच्या आणि जोतिबाच्या वाटेला पोरापोरींचे घोळके दिसतात. काही जण डांबरी रस्ता सोडून मसाई पठारावरच्या पायवाटांनी जातात. उत्तम गोष्ट आहे. घरात मोबाइल चोळत बसण्यापेक्षा शतपटीने बरी. पण डोंगर रिकामा नसतो. कड्याकपारीला आग्या मोहोळ लटकलेलं असतं, झाडाच्या ढोलीत नाहीतर जमिनीतल्या बिळात गांधीलमाश्यांचं पोळं असतं. पावसाळा ओसरताना ही पोळी भरात येतात, आणि आपल्या मुलांची मोहीमही त्याच दिवसांत निघते.

आता थोडं मास्तरकी करते. आपण मधमाशी काय नि गांधीलमाशी काय, सरसकट 'माशी चावली' म्हणून मोकळे होतो. मधमाशीच्या नांगीला उलटे काटे असतात. ती कातडीत रुतून राहते, आणि तिच्याबरोबर तुटून आलेली विषाची पिशवी पुढे काही सेकंद विष सोडतच असते. म्हणून ती नांगी ताबडतोब काढायची. नखाने काढा, चिमटीने काढा, पण वेळ दवडू नका. १९९६ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या एका अभ्यासाने हेच दाखवलं की कशी काढली यापेक्षा किती लवकर काढली याला महत्त्व आहे. गांधीलमाशीची नांगी मात्र गुळगुळीत. ती मागे राहत नाही, आणि तीच माशी पुन्हा पुन्हा डंख करू शकते. तिथे किल्लीने खरवडून काय मिळणार? पोळ्यापासून लांब जाणं हाच पहिला उपचार.

चुन्याचंही तसंच. दहावीच्या एका विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकातच मी वाचलं आहे की मधमाशीच्या डंखात आम्ल असतं, म्हणून खाण्याचा सोडा लावावा. परीक्षेत गुण मिळवायला ठीक आहे! पण मधमाशीच्या विषाच्या कोरड्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग मेलिटिन नावाच्या पदार्थाचा असतो. तो काही सोड्याने निवत नाही. शिवाय विष गेलं कातडीखाली, सोडा राहिला वर. साबणपाण्याने जागा धुवावी, बर्फ लावावा, सूज येण्याआधी अंगठी-बांगडी काढून ठेवावी. साध्या डंखाला एवढं पुरतं.

खरा धोका वेगळाच आहे. काही जणांच्या शरीराला या विषाचं वावडं असतं. पहिल्या डंखाला काहीच होत नाही, पुढच्या एखाद्या डंखाला काही मिनिटांत अंगभर गांधी उठतात, ओठ सुजतात, घसा आवळतो, रक्तदाब कोसळतो. याला अ‍ॅनाफिलॅक्सिस म्हणतात. हे नाव शार्ल रिशे आणि पोर्त्ये या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९०२ साली दिलं, आणि रिशेंना त्या कामाबद्दल १९१३ चं नोबेल मिळालं. शंभर वर्षं उलटून गेली, आणि आपण अजून किल्लीच घासतो आहोत!

गेल्या वर्षी माझ्या नातवाच्या सायकलवाल्या घोळक्यात नेमकं हेच झालं. एका मुलाला मानेवर गांधीलमाशी डसली. म्होरक्याने लोखंडी पाना घासला, "काय नाही हुतंय, मर्दा, चल" म्हणाला, आणि घोळका पुढे निघाला. मुलाच्या अंगावर गांधी उठल्या, उलटी झाली, डोळ्यांपुढे अंधारी आली. एका मुलीने हट्टाने वाटेतली जीप थांबवली. डॉक्टरांनी मांडीत अ‍ॅड्रेनलिन टोचलं आणि पोरगं वाचलं. म्होरक्याच्या पिशवीत पट्ट्या होत्या, मलम होतं, पंक्चरचं सामान तर भरपूर होतं. वावडं कुणाला आहे, हे मात्र निघण्यापूर्वी त्याने कुणालाच विचारलं नव्हतं.

"आमच्या वेळी नव्हतं असलं काही," असं माझ्याच वयाची मंडळी म्हणतात. होतं हो. तेव्हा माणूस गेला की 'माशी विषारी होती' म्हणायचे आणि गप्प बसायचे. दुसरे म्हणतात, मुलांना डोंगरात पाठवूच नका. आणि तिसरे सगळ्यात वाईट: पोळी जाळा म्हणतात. गांधीलमाश्या पिकांवरच्या अळ्या मारून पिलांना भरवतात, मधमाश्यांवाचून कितीतरी पिकांना फळ धरत नाही. त्यांच्या घरात आपण शिरायचं आणि त्यांनाच जाळायचं, हा कुठला न्याय?

माझं म्हणणं साधं आहे. वावडं ठाऊक असलेल्याने डॉक्टरांना विचारून औषध जवळ बाळगावं. परदेशात स्वतः टोचायची पेनं मिळतात, आपल्याकडे ती सहजी मिळत नाहीत. पण अ‍ॅड्रेनलिनची कुपी स्वस्त आहे, आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे. डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या प्रत्येक आरोग्य केंद्रात ती आणि ती टोचणारा माणूस, दोन्ही असलेच पाहिजेत, आणि मोहीम काढणाऱ्यांनी आदल्या दिवशी फोन करून खात्री करून घेतली पाहिजे. अंगावर गांधी उठून दम लागला किंवा चक्कर आली, तर अ‍ॅलर्जीच्या गोळीवर विसंबायचं नाही. चक्कर असेल तर माणसाला आडवं करून पाय उंच ठेवायचे, दम लागला असेल तर बसू द्यायचं, आणि १०८ ला फोन लावायचा. तोंडात किंवा घशात डंख झाला, किंवा एकदम पुष्कळ माश्या डसल्या, तर वावडं नसलं तरी दवाखाना गाठायचा. पुष्कळ डंखांनी मूत्रपिंडंही बिघडतात.

आणि सायकलवाल्यांनो, उतारावर तोंड मिटून चालवा, डोळ्यांना चष्मा लावा. माशी शिरस्त्राणात शिरली तर पुढचा ब्रेक करकचून दाबू नका, आधी सावकाश थांबा. आग्या उठलं तर हात झाडू नका, पाण्यात उडी मारू नका (त्या वर वाट बघत थांबतात). तोंड झाकून सरळ पळा आणि बंद घर नाहीतर गाडी गाठा.

दिवाळीला पुण्या-मुंबईची भाचरं आमच्याकडे येतील आणि पन्हाळ्याला जायचा हट्ट धरतील. जा म्हणून सांगणार आहे. पण आधी प्रत्येकाला विचारणार, "तुला कधी माशी डसून अंगावर गांधी आल्या होत्या का रे?" तुम्हीही विचारा. प्रश्नाला पैसे पडत नाहीत.