गर्भवतीचे डासांपासून रक्षण : सल्ला एकीला, जबाबदारी साऱ्या घराची

पुणे शहरात जून २०२४ पासून झिका विषाणूचे रुग्ण आढळू लागले आणि त्यांत गर्भवतींचाही समावेश असल्याचे निष्पन्न झाले. त्यानंतर ३ जुलै रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सर्व राज्यांना सतर्कतेच्या सूचना दिल्या. गर्भवतींची तपासणी, बाधित मातांच्या गर्भाच्या वाढीवर देखरेख आणि रुग्णालयांचा परिसर एडिस डासांपासून मुक्त ठेवण्यासाठी नोडल अधिकारी, असा त्यांचा आशय होता. त्याआधी २०१८ मध्ये जयपूरमध्ये झिकाचा उद्रेक झाला होता, तर जुलै २०२१ मध्ये केरळमध्ये नोंदवलेली पहिली रुग्ण गर्भवतीच होती. यंत्रणेने काय करावे, हे या सूचनांनी ठरवले. घराने काय करावे, हा प्रश्न मात्र अजूनही दुय्यम राहिला आहे.

झिकाची लागण झालेल्या बहुतेकांना लक्षणे जाणवत नाहीत. परंतु गर्भावस्थेतील संसर्गामुळे बाळाचे डोके व मेंदू अपुरे वाढण्याचा धोका असतो. त्यावर विशिष्ट औषध नाही आणि वापरात असलेली लसही नाही. डेंग्यूमुळे रक्तस्राव व अकाली प्रसूती, तर हिवतापामुळे रक्तक्षय व कमी वजनाचे बाळ संभवते. म्हणूनच येथे प्रतिबंध हाच मुख्य उपाय ठरतो.

या प्रतिबंधातील पहिली अडचण वेळेची आहे. मच्छरदाणी रात्री लावण्याची सवय हिवतापाच्या डासांविरुद्ध उपयुक्त आहे. झिका व डेंग्यू पसरवणारा एडिस मात्र प्रामुख्याने दिवसा, विशेषतः सकाळी आणि सूर्यास्तापूर्वी चावतो. त्यामुळे दुपारच्या विश्रांतीतही मच्छरदाणी, पूर्ण बाह्यांचे कपडे, खिडक्यांना जाळ्या आणि वेष्टनावरील सूचनेनुसार डासप्रतिबंधक मलम यांची गरज असते.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला गर्भवतींची तपासणी होते. तेथे दिलेला सल्ला ती ऐकते. घरातील पाण्याची व्यवस्था मात्र एकट्या तिच्या हाती नसते. अनेक वस्त्यांत नळाला रोज पाणी येत नाही. तेथे पिंप भरून ठेवणे ही गरज असते, तिला निष्काळजीपणा म्हणता येणार नाही. अशा घरांत घट्ट झाकण आणि आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' हेच व्यवहार्य उत्तर ठरते. एडिसची अंडी भांड्याच्या आतील बाजूस चिकटून कोरड्या अवस्थेतही महिनोन्महिने तग धरतात. म्हणून पाणी ओतून देणे पुरेसे नाही, भांडे घासावेच लागते. कूलर, फ्रिजमागचा ट्रे आणि कुंड्यांखालच्या बशा यांनाही हाच नियम लागू होतो. हे काम गर्भवतीवर न टाकता घरातील इतरांनी वाटून घेणे श्रेयस्कर.

पतीची भूमिका पाण्यापुरती मर्यादित नाही. झिका लैंगिक संबंधांतूनही पसरतो. बाधित भागात राहणाऱ्या किंवा तेथून परतलेल्या पतीने पत्नीच्या गर्भारपणात निरोध वापरणे किंवा संबंध टाळणे आवश्यक आहे. संकोचामुळे हा मुद्दा संवादातून नेमका गळतो.

त्यामुळे आशा सेविकांच्या गृहभेटीत गर्भवतीसोबत पती आणि सासूशीही बोलणे झाले पाहिजे. ताप आल्यास मनाने गोळी न घेता त्याच दिवशी रक्ततपासणी करून घ्यावी, हेही त्याच वेळी सांगता येईल. नियमित पाणीपुरवठा व परिसरस्वच्छता ही प्रशासनाची जबाबदारी कायम राहतेच. मात्र तिच्या पूर्ततेपर्यंत पिंपाचे झाकण कोण लावणार, हे प्रत्येक घराला ठरवावे लागेल.