जुन्या संगणकाची दुसरी नोकरी

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज १०’चा नियमित पाठिंबा थांबवला आणि ‘विंडोज ११’ न पेलणारे कितीतरी धडधाकट संगणक एका रात्रीत म्हातारे ठरले. पण भंगारवाल्याला हाक मारण्याआधी जरा थांबा. ‘ओपनमीडियाव्हॉल्ट’ ही मोफत प्रणाली घालून, दोन नव्या हार्डडिस्क जोडून तो राउटरला लावला, की घरभराचे फोटो नि कागदपत्रे सांभाळतो. एकीवरचे दुसरीवर आपोआप उतरते; एक बिघडली तरी दुसरी असते. मात्र चुकून पुसलेला फोटो दोन्हींवरून जातो! बँकेत तिजोरीच्या किल्ल्यांचा दुसरा जोड आम्ही दुसऱ्या शाखेत ठेवत असू. तशीच या ठेव्याची आणखी एक प्रत लेकीच्या घरी असू द्या. निवृत्ताला काम जरूर द्यावे. सारे घर त्याच्या एकट्याच्या भरवशावर टाकू नये.