चावीचे ‘जनता’ की सेलचे कॅसिओ?

कमी पैशात मनगटी घड्याळ कोणते घ्यावे, असे गिऱ्हाईक विचारते तेव्हा बहुतेक दुकानदार फक्त किंमत सांगतात. ते पुरेसे नाही. घड्याळ कोणाच्या हातात जाणार आणि बिघडल्यावर कोण उघडणार, हेही पाहावे लागते. उदाहरणासाठी दोन घेऊ: चावीचे एचएमटी ‘जनता’ आणि सेलवर चालणारे, आकडे दाखवणारे कॅसिओ एफ-९१डब्ल्यू.

एचएमटीने १९६१ मध्ये जपानच्या सिटीझन कंपनीच्या सहकार्याने बंगलोरला घड्याळांचा कारखाना काढला. सतरा ज्वेलचे ‘जनता’ त्याच घराण्यातले. कॅसिओचे हे मॉडेल १९८९ चे. वजन अवघे २१ ग्रॅम आणि एका सेलवर सुमारे सात वर्षे चालणारे.

अचूकतेत बरोबरीच नाही. ‘जनता’चे बॅलन्स सेकंदाला पाच ठोके देते, तर क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. कॅसिओ महिन्याला ३० सेकंदांच्या आतबाहेर चुकते. चावीच्या घड्याळात तेवढा फरक एका दिवसातही पडतो.

धुळ्यात यंत्रमागावर काम करणाऱ्या कारागिराने चावीचे घड्याळ कामावर घालूच नये. सुताची धूळ, घाम आणि सततचे हादरे हे तिन्ही मशीनचे वैरी. तेथे कॅसिओच बरे. मात्र त्याच्या अलार्मवर विसंबू नये, मागांच्या खडखडाटात तो ऐकू येणे कठीण! जळगावात गादीवर बसणाऱ्या व्यापाऱ्याची गोष्ट निराळी. रोज सकाळी चावी द्यायची आणि तीन-चार वर्षांनी सफाई-ऑइलिंग करून घ्यायचे, एवढी शिस्त असेल तर ‘जनता’ मुलाच्याही हाती देता येते.

आता आपल्या घडीसाज बंधूंचा प्रश्न. कॅसिओत सेल आणि पट्टा बदलण्यापलीकडे काम नाही. आतले सर्किट गेले तर दुरुस्तीपेक्षा नवे घड्याळ स्वस्त पडते. ‘जनता’ उघडले की हेअरस्प्रिंग सरळ करणे, चाके धुणे, तेल देणे, असे हाताचे कसब लागते. म्हणून कारागिराची रोजी चावीच्या घड्याळात आहे. पण केंद्र सरकारने २०१६ मध्ये एचएमटी वॉचेस बंद करण्याचा निर्णय घेतला. सुटे भाग आता बहुधा जुन्या घड्याळांतूनच काढावे लागतात.

येथूनच घोळ सुरू होतो. जुन्या मशीनवर नव्याने रंगवलेली भडक डायल बसवून ‘कंपनीचे जुने, न वापरलेले’ म्हणून घड्याळ विकले जाते. परदेशी शौकीन अशा मालाला ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. नावात कौतुक नाही, टोमणा आहे. अक्षरांच्या कडा पसरलेल्या दिसल्या किंवा डायल नवीकोरी आणि केस झिजलेली असली, तर भिंग लावून पाहावे. कॅसिओच्याही नकला उदंड आहेत. अस्सल घड्याळाचे उजवे बटण काही सेकंद दाबून धरले की पडद्यावर कंपनीचे नाव उमटते, पण काही नकलांनी तेही उचलले आहे. तेव्हा पक्के बिल घेतलेलेच बरे.

रंगवलेली डायल विकण्यात गैर काही नाही, ते लपवण्यात आहे. बिलावर ‘मशीन जुने, डायल रंगवलेली, सर्व्हिस केलेले’ असे सहा शब्द जास्त लिहून सहा महिन्यांची हमी द्यावी आणि मजुरी वेगळी दाखवावी. ही मजुरी सेल बदलण्याच्या दराने लावू नये. दोन-तीन तासांचे काम आहे ते.